तिचं जेवण व्हायचं होतं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुण्यातल्या नव्या, महागड्या रेस्टॉरंटांवर पानभर मजकूर आला होता. सजावट, दिवे, पदार्थांचे फोटो, दोघांच्या जेवणाचा अंदाजे खर्च, सगळं त्यात होतं. तिथे वाढतात कसं, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. मी उभं आयुष्य वाढण्यात घालवलं आहे, म्हणून मला ते खटकलं आणि हे पत्र लिहायला बसलो. पत्र लांबलं आहे. जागा नसेल तर खुशाल काटछाट करा, पण माझ्या पत्नीच्या ताटाचा भाग तेवढा राहू द्यावा ही विनंती.

मी मूळचा गुहागर तालुक्यातला. १९७६ साली, एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आलो. पहिली दोन वर्षं गिरगावात एका खानावळीत वाढपी होतो. तिथे बिलाचा कागद नसायचा. गिऱ्हाईक हात धुवायला उठलं की मी गल्ल्याकडे तोंड करून ओरडायचो, "एक राइस प्लेट, दोन जादा चपात्या, एक ताक!" आणि मालक तेवढेच पैसे घ्यायचे. १९७८ मध्ये दक्षिण मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात बसबॉय म्हणून लागलो. बसबॉय म्हणजे उष्ट्या प्लेटा उचलणारा, ग्लासात पाणी भरणारा. पुढे स्टुअर्ड म्हणजे वाढपी झालो, मग कॅप्टन, म्हणजे वाढप्यांवर देखरेख करणारा. २०१५ साली सीनियर कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. सदतीस वर्षं एकाच हॉटेलात काढली. मुलगी लग्न होऊन पुण्यात आली, म्हणून आम्हीही कोथरूडला आलो.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण झाली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर लोकांना वाढलंत, आज तुम्ही बसा." तिने आणि जावयाने नदीपलीकडच्या एका नावाजलेल्या रेस्टॉरंटात टेबल राखून ठेवलं. मी त्या ठिकाणाचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं तर मालकाचं फार बिघडणार नाही, पण त्या रात्री आमच्या टेबलावर असलेल्या मुलाची नोकरी जाईल. तो मुलगा वाईट नव्हता.

आधी चांगलं ते सांगतो. स्वयंपाक उत्तम होता. बोंबील इतके हलके तळले होते की ताटलीला तेलाचा डाग नव्हता. तांदळाची भाकरी पातळ, पापुद्रा सुटलेली, आमच्या गावच्या चुलीवरची आठवण व्हावी अशी. दारावरच्या माणसाने गाडीचं दार उघडलं, सौ.ला पायरी चढायला त्रास होतोय हे ओळखून स्वतःहून हात पुढे केला. हे त्याला कोणी शिकवलं असेल तर त्या शिकवणाऱ्याला माझा नमस्कार.

आत गेल्यावर गोष्टी बदलल्या. टेबलावर मेन्यूकार्ड नव्हतं, काळ्यापांढऱ्या चौकोनांचं एक स्टिकर चिकटवलेलं होतं. ते फोनने टिपायचं आणि मेन्यू फोनवर वाचायचा. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ही पद्धत आली तेव्हा तिला कारण होतं, कागदाला हात लावायची लोकांना भीती वाटत होती. आता ती भीती गेली, तरी कागद काही परत आला नाही. सौ.चा फोन साधा, बटणांचा आहे. छापलेलं कार्ड मागितलं तर "सॉरी सर, वी आर पेपरलेस" असं उत्तर मिळालं. मग मुलीने तिच्या फोनवरून एकेक पदार्थ वाचून दाखवला. सगळा मेन्यू इंग्रजीत. पदार्थ कोकणातले आणि घाटावरचे, नावं मराठी, पण रोमन लिपीत लिहिलेली. ज्या बाईने चाळीस वर्षं हेच पदार्थ घरात केले, तिला दुसऱ्याने वाचून दाखवावे लागले.

नंतर पाणी. मुलाने विचारलं, "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" साधं पाणी हा तिसरा पर्याय त्याने उच्चारलाच नाही. जावयाने पटकन "स्टिल" म्हटलं आणि दोन बाटल्या आल्या, प्रत्येकी १४० रुपयांच्या. आमच्या वेळीही बाटल्या विकल्या जात, आम्हीही विकत होतो, त्याला माझी हरकत नाही. पण आमच्याकडे पाहुणा बसला की आधी साध्या पाण्याने ग्लास भरायचा आणि मग बाटलीचं विचारायचं असा नियम होता. आलेल्या माणसाच्या हाती आधी पाणी द्यायचं असतं, हे आपल्याकडे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता ताटाचं सांगतो.

सौ.ने गेल्या उन्हाळ्यात कवळी बसवून घेतली आहे. खालची कवळी अजून नीट बसलेली नाही, म्हणून ती एका बाजूने, सावकाश चावते. तिने कोंबडीचं सुकं आणि दोन छोट्या भाकऱ्या मागवल्या होत्या. जावई आणि मुलगी तरुण, त्यांचं पंधरा मिनिटांत झालं. माझंही लवकर आटोपतं. हॉटेलवाल्याला भराभर जेवायची सवय असते, कारण स्टाफ कँटीनमध्ये दहा मिनिटंच मिळतात. आमच्या तिघांच्या प्लेटा रिकाम्या झाल्या आणि मुलगा आला. "मे आय क्लियर, सर?" म्हणत त्याने माझी प्लेट उचलली, मग मुलीची, मग जावयाची. मी "थांब" म्हणेपर्यंत तीन प्लेटा त्याच्या हातावर होत्या. टेबलावर फक्त सौ.ची प्लेट उरली.

ज्यांनी कधी सावकाश जेवणाऱ्या माणसाबरोबर जेवण केलं नसेल, त्यांना यात काय झालं ते कळणार नाही. चार माणसांच्या टेबलावर तीन जागा मोकळ्या दिसू लागल्या की चौथ्या माणसाला वाटतं, सगळे आपल्यासाठी खोळंबलेत. सौ.ने मान खाली घातली आणि घास भराभर घ्यायला लागली. तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. दोन मिनिटांनी मुलगा परत आला, "मॅम, मे आय?" ती म्हणाली, "थांब जरा." तो गेला. आणखी तीन-चार मिनिटांनी पुन्हा आला. या वेळी काही विचारलं नाही, फक्त टेबलापाशी हात मागे बांधून उभा राहिला. तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "ने. झालं माझं."

तिच्या प्लेटमध्ये अर्धी भाकरी होती. आणि कडेला, मसाल्यापासून बाजूला, कोंबडीचा एक तुकडा होता. तो तिने टाकलेला नव्हता. तो सगळ्यांत मऊ तुकडा होता आणि तिने तो शेवटी खायचा म्हणून कडेला सारून ठेवला होता. लग्न झाल्यापासून तिची ही सवय मी बघतो आहे. प्लेटच्या कडेला दोन गोष्टी असतात, एक हाड, म्हणजे नको असलेलं, आणि एक सगळ्यांत आवडीचं, शेवटच्या घासासाठी राखलेलं. वाढणाऱ्याला या दोहोंतला फरक दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर त्याने निदान विचारावं. मुलाने प्लेट उचलली, तुकडा घसरून वाटीत पडला आणि प्लेट गेली.

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास मला स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर सौ. ओट्यापाशी उभी राहून वाटीत दहीभात कालवत होती. मला म्हणाली, "अहो, तुम्ही झोपा. जरा तोंडात टाकतेय." लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, सात हजारांहून अधिक बिल देऊन आल्यावर, माझी बायको घरी येऊन दहीभात खात होती. हे मला सोसलं नाही.

आपल्या पंगतीत काय करत होते ते आठवा. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पानावरून कोणी उठत नसे. लवकर जेवणारा मिठाशी खेळत बसे, लिंबाची फोड उगाच पिळे, पण उठत नसे. यजमान फिरत फिरत येई आणि हात जोडून म्हणे, "सावकाश होऊ द्या." हे तीन शब्द म्हणजे आपल्या वाढण्याचं सगळं शास्त्र आहे असं मी मानतो. युरोपीय पद्धतीच्या हॉटेलातही नियम तोच आहे. शेवटच्या पाहुण्याने सुरी-काटा खाली ठेवल्याशिवाय टेबलावरची एकही प्लेट हलवायची नाही. गुहागरची पंगत आणि पंचतारांकित हॉटेल, दोन्हीकडे मी वाढलं आहे, आणि दोन्हीकडचा हा नियम एकच असल्याचं मला अगदी पहिल्या महिन्यात कळलं होतं.

ते कळलं कसं, तेही सांगतो. आमचे हेड कॅप्टन गोव्याचे होते, तरुणपणी बोटीवर काम केलेले. दर सोमवारी दुपारी, लंच संपल्यावर, ते आम्हा नव्या पोरांपैकी सहा जणांना पाहुणे म्हणून टेबलावर बसवत आणि बाकीच्यांना वाढायला लावत. बसलेल्यांपैकी एकाला गुपचूप सांगून ठेवत, तू रेंगाळत जेव. मग ते खांबाला टेकून उभे राहत. जो पोरगा पहिल्यांदा प्लेटेला हात लावी, त्याला त्या दिवशी डिनरला फ्लोअरवर जायला मिळत नसे. पँट्रीत उभं राहून रात्रभर ग्लास पुसायचे. मी दोनदा ग्लास पुसले आहेत. तिसऱ्यांदा पुसायची वेळ आली नाही.

दुसरा त्यांचा प्रकार असा. आम्हाला टेबलांकडे पाठ करून उभं करत आणि विचारत, "चार नंबरवर कुणाचा ग्लास अर्ध्याखाली आहे? सात नंबरच्या आजोबांनी चष्मा कुठे ठेवलाय?" सांगता आलं नाही तर फिरून बघायचं आणि पुन्हा पाठ करायची. महिनाभरात डोळ्यांना वळण लागतं. मग कोणाला हात वर करून बोलवावं लागत नाही. पाहुण्याने मान उचलली की आपल्याला कळतं.

एक पारशी जोडपं दर शुक्रवारी आमच्याकडे यायचं. काही वर्षांनी त्या गृहस्थांचा उजवा हात थरथरू लागला. त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. एका शुक्रवारी हेड कॅप्टननी त्यांचं सूप पसरट प्लेटऐवजी दोन कानांच्या कपात, अर्धंच भरून पाठवलं आणि बाईंनाही तशाच कपात दिलं, म्हणजे वेगळेपणा दिसू नये. थोड्या वेळाने दुसरा अर्धा कप गेला. ते जोडपं त्यानंतर सात-आठ वर्षं येत राहिलं. त्या कपाचे वेगळे पैसे कोणी लावले नाहीत.

आता दुसरी बाजू बघा. मला त्या मुलाचा राग आला का? त्या क्षणी आला. पण प्लेट गेल्यावर मी माझ्या जुन्या सवयीने हॉलभर नजर फिरवली आणि मोजलं. त्या एका मुलाकडे सात टेबलं होती. आमच्याकडे एका स्टेशनला, म्हणजे एका वाढप्याच्या वाट्याला, चार टेबलं असत, गर्दीच्या दिवशी पाच, आणि हाताखाली एक बसबॉय. इथे बसबॉय नव्हताच. तोच ऑर्डर घेत होता, तोच आणत होता, तोच उचलत होता, तोच बिल मशीन घेऊन पळत होता. त्याच्या बुटांकडे बघितलं, तळवे कडक होते. दिवसभर उभं राहायचं काम असलेल्या माणसाने रबरी तळव्याचे बूट घालावेत, हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

शिवाय मुलीने आता सांगितलं की टेबल राखताना फोनवरच बजावलं होतं, "तुमचा स्लॉट साडेसात ते सव्वानऊ." साडेनऊला दुसरं बुकिंग होतं. हॉटेल लाइनमध्ये याला टेबल टर्न म्हणतात. एका रात्रीत एक टेबल दोनदा भरलं तर जागेचं भाडं सुटतं, हे गणित मला मान्य आहे. पुण्यातली भाडी मलाही ठाऊक आहेत. पण मग ते गणित पाहुण्याच्या घासावर बसवू नका. सव्वानऊ म्हटलं आहे तर सव्वानऊपर्यंत ते टेबल आमचं आहे. प्लेट उचलली गेली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

शेजारच्या टेबलावर मी जे पाहिलं तेही लिहिलं पाहिजे, कारण दोष एका बाजूचा नाही. तिथे पाच-सहा जण होते. त्यांतला एक गृहस्थ त्या मुलाला चुटकी वाजवून बोलवत होता. शिकलेला, चांगल्या कपड्यांतला माणूस. एकदा म्हणाला, "ए छोटू, इधर." मुलगा पंचविशीचा होता. सदतीस वर्षांत मला अशा चुटक्या किती ऐकू आल्या याची गणती नाही, पण त्यातली एकही मी विसरलेलो नाही. वाचकांना हात जोडून सांगतो, वाढणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असते. ती वाचा आणि त्या नावाने हाक मारा. नुसतं "दादा" म्हटलंत तरी पुष्कळ होतं.

मग बिल आलं. जेवणाचे ६,८४० रुपये. त्याखाली सेवाशुल्क १० टक्के, ६८४ रुपये. दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, ३७६ रुपये २० पैसे. एकूण ७,९०० रुपये. जावई कार्ड काढत होता, मी त्याचा हात धरला.

हा विषय बऱ्याच लोकांना नीट माहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जीएसटी हा सरकारचा कर आहे, तो द्यावाच लागतो. साध्या रेस्टॉरंटांना तो नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के आहे. जुना सर्व्हिस टॅक्स १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपला. बिलावरचं सेवाशुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज हा यांपैकी काहीच नाही. तो सरकारकडे जात नाही, रेस्टॉरंट स्वतःकडे ठेवतं. नावात "सर्व्हिस" आहे म्हणून लोकांना तो कर वाटतो आणि ते मुकाट्याने देतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून स्पष्ट सांगितलं की हे शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही लावायचं नाही, ते ऐच्छिक आहे असं ग्राहकाला सांगायचं, दिलं नाही म्हणून कोणाला प्रवेश नाकारायचा नाही, आणि ते जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. रेस्टॉरंटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, तत्त्वं योग्य ठरवली आणि याचिकाकर्त्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितले. त्यावर संघटनांनी अपील केलं.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात घोळते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांना पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येईल, कारण तिथे येणारा माणूस नुसतं पाणी विकत घेत नाही, तो तिथली जागा, तिथलं वातावरणही वापरतो. ठीक आहे, मान्य. म्हणजे खुर्ची, गारवा, पांढरा रुमाल आणि वाढणं यांचे पैसे त्या १४० रुपयांत धरले आहेत. कोंबडीच्या दरातही धरले आहेत. मग खाली पुन्हा १० टक्के कशाचे?

मी मॅनेजरला बोलवलं. आवाज न चढवता सांगितलं की हे शुल्क आम्हाला द्यायचं नाही. ते म्हणाले, "सर, ही आमची पॉलिसी आहे, मेन्यूत खाली लिहिलेलं आहे." मुलीने फोनवर शोधलं. अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत होतं. मी तारखा सांगितल्या. मग ते म्हणाले, "सर, हे पैसे स्टाफलाच जातात." तसं असेल तर फार चांगलं, मी म्हटलं, कसं वाटप होतं ते सांगा, मी स्वतः या लाइनमधला आहे. आमच्याकडे टिपांची पेटी होती. महिनाअखेरीस ती सगळ्यांसमोर उघडायची. कॅप्टनला इतके पॉइंट, स्टुअर्डला इतके, बसबॉयला इतके, आणि आत भांडी घासणाऱ्यालाही त्याचे पॉइंट. हिशेबाचा कागद स्टाफ रूमच्या दारावर लागायचा. मॅनेजरनी यावर काही सांगितलं नाही.

त्यांनी पुढे जे केलं ते मला सगळ्यांत जास्त लागलं. त्यांनी त्या मुलाला हाक मारली आणि आमच्यासमोर विचारलं, "सरना काय प्रॉब्लेम झाला? तू काय केलंस?" म्हणजे सेवाशुल्क न देणं म्हणजे त्या मुलाची तक्रार, असा अर्थ त्यांनी लावला. मुलाचा चेहरा उतरला. मी ताबडतोब म्हटलं, त्याची काही चूक नाही, त्याला यात घेऊ नका. वीस मिनिटांनी नवं बिल आलं, ७,१८२ रुपयांचं. पहिल्या आणि दुसऱ्या बिलात ७१८ रुपयांचा फरक.

निघताना त्या मुलाला बाजूला घेतलं. आसामचा, पुण्यात येऊन दीड वर्ष झालेलं. ब्रेक शिफ्ट करतो, अकरा ते साडेतीन आणि पुन्हा सहा ते बारा. मधल्या अडीच तासांत खोलीवर जाऊन येणं परवडत नाही, म्हणून मागच्या जिन्यात बसतो. त्याच्या हातात मी पाचशेची नोट ठेवली. त्याने आधी छताकडे बघितलं, तिथे कॅमेरा होता. म्हणाला, "अंकल, ये काउंटर पे जमा करना पडता है." मी विचारलं, "और सर्व्हिस चार्ज? तुमको मिलता है?" त्याने पुन्हा एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं आणि उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "आप गूगल पे रिव्ह्यू डाल दीजिए, मेरा नाम लिख के. पाँच स्टार." पाच का, मी विचारलं. चार दिले तर त्याला सकाळच्या ब्रीफिंगला सगळ्यांसमोर उभं करतात.

रिव्ह्यू मी टाकला. त्याच्या नावानिशी, पाच तारे. त्याला शिकवणारं कोणी नाही, त्यात त्याचा दोष नाही.

मालकांना माझं एवढंच सांगणं आहे. चार कार्डं मराठीत छापून घ्या, हजार रुपयांच्या आत काम होतं. पाहुणा बसला की आधी साधं पाणी द्या. बाहेरच्या प्रांतातून आलेल्या मुलांना वीस-पंचवीस मराठी वाक्यं शिकवा. मुलं हुशार असतात, मी खानावळीतून आलो होतो आणि मला इंग्रजीच काय, फ्रेंच पदार्थांची नावंही शिकवली गेली. "सावकाश होऊ द्या" हे त्यातलं पहिलं वाक्य असू द्या. सात टेबलांमागे एक माणूस देऊ नका. बिलातून सेवाशुल्क काढून टाका. मुलांना नीट पगार देण्यासाठी पदार्थांचे दर वाढवावे लागत असतील तर उघड वाढवा, मी देईन. आणि टिप हातात मिळाली तर ती त्या हातात राहू द्या, किंवा पेटी ठेवायची तर तिचा हिशेब दारावर लावा.

ग्राहकांनीही बिल शेवटपर्यंत वाचावं. सेवाशुल्क काढायला नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. मात्र हे मॅनेजरशी बोला. वाढणाऱ्या मुलावर ओरडू नका, ते शुल्क त्याने लावलेलं नसतं. आणि त्याने चांगलं वाढलं असेल तर त्याला काहीतरी जरूर द्या.

माझं वय आता अडुसष्ट आहे, गुडघे कुरकुरतात, पण दोन तास उभं राहू शकतो. पुण्यातल्या कुठल्याही रेस्टॉरंटवाल्याने बोलावलं तर मी येईन, एक पैसा घेणार नाही. सहा मुलं टेबलावर बसवा, सहा वाढायला ठेवा, बसलेल्यांतल्या एकाला मी सावकाश जेवायला सांगेन. सोमवारची दुपार त्याला बरी, गर्दी कमी असते. ज्या ठिकाणी आम्ही जेवलो त्यांनी बोलावलं तरी येईन, आणि सौ.लाही बरोबर आणीन. तिला मी विचारलं आहे, ती सावकाश जेवणाऱ्या पाहुण्याच्या जागी बसायला तयार आहे. माझा फोन नंबर आपल्या कचेरीत दिला आहे, सकाळी दहा ते बारा मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त हॉटेल कॅप्टन
कोथरूड, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)